बुधवार हा प्रयोगवार

अंक वाचनालयाचा होता आणि पाककृतीचं पान अर्धं फाडलेलं होतं. फाडणारीनं (फाडणारी बाईच असणार, असं मी तेव्हा बिनदिक्कत धरून चालले होते) पट्टी लावून, बोटानं घडी दाबून नीट फाडलं होतं. तिला मागच्या बाजूची कुठली तरी कृती हवी असणार. माझ्या बाजूला दह्यातल्या वांग्यांचं साहित्य पूर्ण शिल्लक होतं, कृतीचे पहिले चार टप्पे होते आणि पाचव्याची सुरुवात होती : 'आता दही घुसळून त्यात'. पुढे काही नाही.

संध्याकाळचे पावणेआठ. वांगी परतून झालेली, मसाल्याला तेल सुटलेलं, रस्सा रटरटतोय. आता थांबून काय करणार? मी दही घुसळलं आणि त्यात ओतलं. दोन मिनिटांत कढईत पांढऱ्या कण्या एकीकडे आणि पिवळं पाणी एकीकडे. सासूबाई ओट्याशी येऊन डोकावल्या आणि म्हणाल्या, "फाटलं का गं?" मला आधी वाटलं, पानाबद्दल विचारतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेडीज डब्यात हे सांगितलं, तर समोर बसलेली मंत्रालयवाली मेथी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "अगं, बेसन नाही लावलंस दह्याला? आणि गॅस बारीक नको करायला?" आता खरी गंमत म्हणजे कढी मी लग्नाच्या आधीपासून करते. ताकाला डाळीचं पीठ लावल्याशिवाय ते आचेवर चढवायचं नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. पिठातला स्टार्च दह्यातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून गोळे होऊ देत नाही, हे कारणही कुठे तरी वाचलेलं. पण त्या संध्याकाळी ते एकदाही डोक्यात आलं नाही. छापलेली कृती समोर उघडी होती ना! ती असली की आपली वीस वर्षांची अक्कल फडताळात जाऊन बसते आणि आपण शाळेतल्या मुलीसारख्या पुढच्या ओळीची वाट बघत उभ्या राहतो.

आमच्याकडे बुधवार हा प्रयोगवार आहे. हे काही ठरवून झालं नाही. सोमवारी आईंचा (म्हणजे सासूबाईंचा) उपास सुटायचा असतो, तेव्हा त्यांना ठरलेलंच लागतं. मंगळवारी रविवारचं काही ना काही उरलेलं असतं, ते संपवायचं. गुरुवारी मुलाचा क्लास उशिरा सुटतो आणि तो वाघासारखा येतो, त्याच्यासमोर प्रयोग ठेवणं धोक्याचं. शुक्रवारी कुणाच्याच अंगात त्राण नसतं. उरला बुधवार. शनिवारी वाचनालयातून मासिक बदलून आणायचं, डब्यात जाता-येता पाककृतीची पानं वाचायची, मंगळवारी रात्री काय भिजत घालायचं ते बघायचं (आणि साडेअकराला अंथरुणात आठवून उठायचं), बुधवारी करायचं.

लोक म्हणतात, मासिकातून कशाला, मोबाइलवर बघ. बघते की, तिथेही बघते. पण मोबाइलवर आपण जे शोधतो तेच मिळतं. 'भोपळी मिरचीची भाजी' असं मी शोधणार, कारण घरात भोपळी मिरची आहे. मासिकात मी न शोधलेलं मिळतं. शिवाय ते वाचनालयातून येतं म्हणजे महिना-दीड महिना उशिरा येतं. श्रावणातले उपासाचे पदार्थ मी आश्विनात वाचते आणि संक्रांतीच्या गुळपोळ्या होळीला. त्यामुळे सणाचं ओझं नसतं, नुसता पदार्थ उरतो.

तर आता मुख्य तक्रार. मासिकात पाककृतीच्या डोक्यावर छोटं घड्याळ छापलेलं असतं : 'वेळ : ३० मिनिटे'. ही ३० मिनिटं कुठून मोजायला घेतात? मी नीट बघितलं आहे. ती कढई तापत ठेवल्यापासून मोजतात. साहित्याच्या यादीत लिहिलेलं असतं : 'पाव किलो फरसबी, तिरकी बारीक चिरून'. 'एक वाटी ओलं खोबरं, खवून'. 'अर्धी वाटी मटार, सोलून'. या '-ऊन'मध्ये सगळी संध्याकाळ गेली आहे. चिरून, खवून, सोलून, भाजून, कुटून, गाळून. व्याकरणात याला पूर्वकालवाचक म्हणतात. ते काम आधीच, कुणी तरी करून ठेवलेलं आहे. कुणी? ते यादीत नाही. जुन्या घरात एक नाही तर दुसरी जाऊ, एखादी विधवा आत्या, हाताशी एखादी मुलगी असायची, तिचं नाव कुठल्याच पाककृतीत येत नाही. पण ती '-ऊन'च्या आत बसलेली असते.

आमच्या लाइनवरच्या बायकांनी यावर आपापला तोडगा काढला आहे. साडेसहा-सातच्या फास्टमध्ये बसायला जागा मिळाली, की पिशव्या उघडतात. वालाच्या शेंगा, मटार, मेथी, लसूण. घाटकोपरपर्यंत निवडून झालं, की देठं पिशवीत आणि पिशवी पायाशी. स्टेशनबाहेर चिरलेली भाजीसुद्धा मिळते : फरसबी, गाजर, निवडलेला पालक, सोललेला लसूण, भरल्या वांग्यांसाठी चीर दिलेली वांगी मात्र अजून कुणी विकायला ठेवलेली बघितली नाहीत. ही पाकिटं विकणाऱ्या बाया सकाळपासून विळीवर बसलेल्या असतात. म्हणजे '-ऊन' कुठे नाहीसं होत नाही, ते फक्त एका घरातून उठून दुसऱ्या घरी जातं. मी पाकीट घेते. आधी लाज वाटायची, आता नाही वाटत. आईंना सांगत नाही इतकंच.

कांद्याचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. एका बिर्याणीसदृश पदार्थात (व्हेज, आणि बुधवारी रात्री, म्हणजे माझाच दोष) लिहिलं होतं : 'चार मोठे कांदे उभे पातळ चिरून मध्यम आचेवर ५ ते ७ मिनिटे तपकिरी होईपर्यंत परता.' मी मोबाइलवर वेळ लावली. सात मिनिटांनी कांदा नुसता पारदर्शक होऊन घाम गाळत होता. पंधराव्या मिनिटाला पिवळा. अठ्ठाविसाव्या मिनिटाला हवा तसा रंग आला, आणि तोवर मी एका हातानं पोळ्या लाटायला घेतल्या होत्या. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. ते पाणी उडून जाईपर्यंत कढईतला कांदा शंभर अंशांच्या फार वर जात नाही आणि तपकिरी रंग धरायला साधारण १४० अंश तरी लागतात. तेव्हा चार कांद्यांचं पाणी पाच मिनिटांत उडवायचं, तर खाली गॅस नाही, भट्टी हवी. हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं असं नाही. पण खरी वेळ लिहिली तर वरच्या घड्याळात ३० ऐवजी ७० लिहावं लागेल, आणि मग बुधवारी ते करणार कोण?

घड्याळाला बळी पडून मी केलेला सगळ्यात मोठा घोळ राजम्याचा. 'एका भांड्यात राजमा-भात. भांडी कमी, वेळ वाचवा.' भांडी कमी म्हटल्यावर मी विरघळले. भिजवलेला राजमा, धुतलेले तांदूळ, कांदा, दोन वाट्या टोमॅटोचा रस, मसाले, मीठ, पाणी, सगळं कुकरमध्ये, चार शिट्ट्या. राजमा रात्री आठवणीनं भिजत घातला होता, त्यामुळे मी निर्धास्त. झाकण उघडलं तर वर सुंदर लाल भात. डाव खुपसला. भात मऊ, अगदी लोण्यासारखा. राजमा दाताखाली खडा.

इथे मला आजीची आठवण यायला हवी होती. आजी डाळ शिजल्याशिवाय आमटीत चिंच पडू द्यायची नाही. आमसूल तर अगदी शेवटी. आंबट आधी पडलं की डाळ बसून राहते, म्हणायची. आंबटपणात दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, दाणे हट्टाला पेटतात, हे आजीच्या वाक्याचं शास्त्रीय भाषांतर. दोन वाट्या टोमॅटोच्या रसात राजमा शिजवणं म्हणजे चिंचेच्या कोळात तूरडाळ लावणं. तरी कृती छापील, म्हणून मी केलं.

बरं, अर्धकच्चा राजमा तसाच वाढण्याची सोय नाही. त्यात एक द्रव्य असतं (नाव फायटोहीमॅग्लुटिनिन, मी दोनदा वाचून लिहिलं आहे), ते चांगलं खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही आणि तसाच खाल्ला तर ओकाऱ्या-जुलाब नक्की. तेव्हा पाणी घालून पुन्हा सहा शिट्ट्या. आता राजमा शिजला, पण भाताचं जे झालं त्याला मराठीत एकच शब्द आहे : खिमट. मुलाला तो सहा महिन्यांचा असताना मी तेच भरवत होते. तो ताटाकडे बघून म्हणाला, "चमचा देणार की झारी?" नवरा म्हणाला, "छान झालंय."

नवऱ्याचं हे 'छान' पुढे येईलच.

मापांकडे वळते, कारण तिथे मला जरा रमायचं आहे. आमच्या वाचनालयात वरच्या फळीवर जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. ते घरी देत नाहीत. पावसाळ्यात एका शनिवारी गाडी बंद, घरी जाऊन तरी काय करायचं म्हणून तिथेच बसून मी दोन खंड चाळले. एका करंजीच्या कृतीत चक्क 'नवटाक तूप' निघालं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो इतका हसला की चहा सांडला, कारण त्याच्या पिढीत नवटाक हा शब्द तुपाबरोबर कुणी ऐकलेला नाही, तो फक्त गुत्त्यावर उरला होता. नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. ऐंशी तोळ्यांचा शेर धरला, आणि एक तोळा ११.६६ ग्रॅम, तर शेर होतो ९३३ ग्रॅम आणि नवटाक ११७ ग्रॅमच्या आसपास. पण हे ऐंशी तोळ्यांचं गणित सगळीकडे एक नव्हतं, गावागावाचा शेर वेगळा. १९५६मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत किलो-ग्रॅम आले, तेव्हा हा गोंधळ मिटला. बोलण्यातून मात्र शेर गेला नाही. आमची भाजीवाली अजून "पावशेर देऊ का?" असंच विचारते आणि २५० ग्रॅमचं वजन टाकते. पावशेर खरा २३३ ग्रॅमचा. म्हणजे शब्द शेराचा, वजन किलोचं आणि दर खेपेला सतरा ग्रॅम भेंडीचा फायदा माझा.

लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०चं आणि कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०चं. मधल्या साठ वर्षांत कितीतरी बदललं असेल, पण रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला जाणवेल तो बदल मापाचा. ओगल्यांनी वाटी आणि चमचा हे माप पक्कं केलं. त्यासाठी तराजू लागत नाही, कायदा लागत नाही. शेराच्या गणितापुढे वाटी किती साधी! तुमची वाटी माझ्या वाटीपेक्षा मोठी असेना का, एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी हे प्रमाण तुमच्याकडेही तेच आणि माझ्याकडेही तेच. उपमा तुमच्याकडे जास्त होईल, एवढाच फरक.

वाटी कधी फसते हेही मला बुधवारीच कळलं. एका अंकात ब्रेड-अंड्याचं तिखट पुडिंग होतं : दोन कप दूध, तीन अंडी, सहा स्लाइस. कप म्हणजे वाटी, असा हिशेब करून मी केलं आणि जे झालं ते सुरीनं कापून खावं लागलं. त्या रात्री भांडी घासायच्या आधी मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची १० मिलीची टोपी घेतली आणि माझी रोजची स्टीलची वाटी पाण्यानं भरत गेले. पंधरा टोप्या. दीडशे मिली. त्या पाश्चात्त्य कृतीतला कप २४० मिलीचा. म्हणजे दूध पडलं ३०० मिली, हवं होतं ४८०. अंडी मात्र तीनची तीन. अंड्याला कुणाच्या घरची वाटी लागू नाही. तसंच पनीरच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाला आणि क्रीमच्या खोक्याला. कृतीत सगळं वाटीत असेल तर आपली वाटी राज्य करते. पण एखादी वस्तू स्वतःचं माप घेऊन आली, की आधी टोपी शोधायची.

दोन्ही खंड चाळताना अजून एक जाणवलं. जुन्या पाककृती 'करावे' म्हणतात. कांदा बारीक चिरावा, तेलात परतावा, वरून कोथिंबीर पेरावी. सासरच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईनं तोंडावर न सांगता, हवेत सांगावं तसं. नंतरच्या अंकांत 'चिरा, परता, पेरा' आलं, सरळ आज्ञार्थ, मुद्द्याचं बोला. आणि आता व्हिडिओत 'चिरून घ्यायचाय, परतून घेऊया, कोथिंबीर घालून घेणार आहोत'. 'घेऊया' म्हणतात खरं, पण चिरणार मी एकटीच!

पण क्रियापदापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त गेली. 'सात मिनिटे' ही भाषा जुन्या खंडांत जवळपास नाही. तिथे आहे : तेल सुटेपर्यंत. खमंग वास येईपर्यंत. रवा हाताला हलका लागेपर्यंत. पीठ सैलसर, रस्सा सरसरीत, पिठलं पळीवाढं. पळीवाढं म्हणजे काय ते सांगायला एक मिनिट लागतं आणि समजायला एक पिठलं. पळीनं वाढता येईल इतकं पातळ, पण ताटात वाढल्यावर भाताकडे धावत सुटणार नाही इतकं दाट. ते लोखंडी कढईत होवो की नॉनस्टिकमध्ये, शेगडीवर की गॅसवर, पळीवाढं ते पळीवाढंच. मिनिटाचं तसं नाही. माझ्या गॅसचं डाव्या बाजूचं बर्नर गेले दोन महिने मंद आहे. त्याची सात मिनिटं आणि मासिकाच्या फोटोतल्या स्वयंपाकघराची सात मिनिटं सारखी कशी असतील?

कॅलेंडरचंही सांगून टाकते, तेही आमच्याकडचं मासिकच. 'कालनिर्णय' १९७३पासून निघतं आणि पानामागच्या पाककृती बायकांच्या दोन पिढ्यांनी वाचल्या असतील. अडचण एवढीच, की चालू महिन्याची कृती चालू महिन्याच्या पाठीवर असते. खिळ्यावरचं कॅलेंडर एका हातानं उलटं धरायचं, दुसऱ्या हातानं ढवळायचं आणि दुधाच्या खाड्यांचे आकडे उलटे वाचत 'दोन चमचे की दोन वाट्या' हे ठरवायचं. माझ्या जूनच्या पानावर तेलाच्या बोटांची नक्षी आहे. त्यामुळे एकादशी कधी ते दिसत नाही.

आता निकाल. आमच्याकडे तीन परीक्षक आहेत. नवरा सगळ्याला 'छान' म्हणतो. खिमटाला म्हणाला, दह्यातल्या फाटक्या वांग्यांना म्हणाला, एकदा मी मीठच विसरले होते तेव्हाही म्हणाला. प्रेम म्हणून ठीक आहे, माहिती म्हणून शून्य. मुलगा बुधवारी दारातूनच विचारतो, "वरण-भात आहे ना सोबत?" असतो. बुधवारी कुकर लावल्याशिवाय मी कुठल्याही मासिकाला हात लावत नाही. खऱ्या परीक्षक आई. त्यांची श्रेणी मला पाठ आहे. "बरं झालंय" म्हणजे उत्तम, याहून वर काही नसतं. "भाताशी चालेल" म्हणजे दुसरा वर्ग. "वेगळं लागतंय" म्हणजे नापास. आणि त्या काहीच न बोलता "यात काय काय घातलंयस?" असं विचारतील, तर समजायचं की उद्या सकाळी त्या इसबगोल मागणार आहेत.

मागच्या महिन्यात लाल भोपळ्याचा एक प्रकार केला. चिंच-गूळ, मोहरी फेसून, वर दाण्याचं कूट. अंक अगदी नवा होता, फोटो देखणा. त्या बुधवारी कुणीच काही बोललं नाही. आईंनी दोनदा तांब्या मागितला. मुलानं वरण-भात तीनदा घेतला. नवरा दुसरा पेला संपवून 'छान' म्हणाला. मी पान पुन्हा वाचलं, सगळं लिहिल्याप्रमाणे केलं होतं. अंकाच्या त्या पानावर माझा हळदीचा अंगठा उमटला होता, तेवढा खराखुरा.

ऑफिसच्या जुन्या डायरीत मी बुधवारचे पदार्थ लिहून ठेवते. परवा मोजले, एक्केचाळीस झाले. त्यातले दुसऱ्यांदा केलेले तीन. फक्त तीन! हा आकडा बघून मला स्वतःचंच हसू आलं. इतके शनिवार, इतकं वाचनालय, एवढ्या भिजवण्या, आणि टिकलं काय, तर तीन भाज्या. मग मी डायरी बाजूला ठेवून त्या दिवशीची साधी फ्लॉवरची भाजी करायला घेतली. कांद्यावर आधीच चिमूटभर मीठ टाकलं, म्हणजे तो लवकर मऊ पडतो. हे त्या बिर्याणीत वाचलेलं. वाटणात कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या घेतल्या, पानं वरून घालायला ठेवली. काड्या टाकू नका हे कुठल्या तरी सुपाच्या कृतीत होतं, ते सूप आम्ही अर्धं ओतून दिलं होतं. ढोबळी मिरचीला पेरायचं पीठ आता मी आधी कोरडं भाजून घेते, ते एका कोफ्त्याकडून आलं. कोफ्ते तेलात फुटले होते. पनीर तळलं की मिठाच्या कोमट पाण्यात टाकते, म्हणजे रबर होत नाही. हेही कुठून तरीच.

म्हणजे पदार्थ गेले आणि प्रत्येकातली एखादी ओळ मागे राहिली, आणि ती रोजच्या भाजीत अशी मिसळली की आता ती मासिकाची आहे हे मलाही सांगावं लागतं. आईंना तर पत्ताच नाही. ढोबळी मिरचीला त्या "बरं झालंय" म्हणतात आणि वर "आमच्याकडे अशीच करायचे" हेही जोडतात. मी बोलत नाही.

एकही ओळ आकड्याची नाही, हे मात्र लिहिताना लक्षात आलं. पाच मिनिटं, चार शिट्ट्या, दोन कप, यातलं काही टिकलं नाही.

भोपळ्याचा अंक परत करायला गेले तेव्हा मनात धाकधूक होती. वाचनालयात दारावरच पाटी आहे : 'अंकातील पाने फाडू नयेत, अंकावर डाग पाडू नयेत, दंड आकारला जाईल.' काका सत्तरीचे, बोलणं मोजकं. अंक परत आला की ते तो पानोपान उलटून बघतात, नोटा मोजाव्यात तसा. मी पर्स उघडून दहाची नोट काढून ठेवली. त्यांनी उलटत उलटत भोपळ्याचं पान आणलं, हळदीच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि थांबले. मी म्हटलं, "काका, चुकून..."

"केली का ही?" त्यांनी विचारलं.

"केली."

"मी पण केली. ही गेल्यापासून मीच करतो." चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कृतीवर नखानं दोन खुणा दाखवल्या, एक तिसऱ्या टप्प्याला, एक सातव्याला. "मीठ दोनदा छापलंय बघितलंत? मी एकदाच घातलं."

मी नोट परत पर्समध्ये ठेवली.

"तुम्ही?"

"दोनदा," मी म्हटलं.